रील्सना लाखो व्ह्यूज, तरी दैनिकाला वाचक का मिळत नाहीत?

जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाच्या संपादकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले दीड वर्ष त्यांचे दैनिक रोज सात-आठ रील्स आणि शॉर्ट्स टाकते, त्यांतल्या काहींना दोन-तीन लाख व्ह्यूज मिळतात, पण संकेतस्थळावरचे वाचक वाढलेले नाहीत, अंकाचा खप घसरतोच आहे आणि वार्ताहर बातमी देण्याआधी व्हिडिओ कापत बसतात. लोकांची मोठे काही वाचण्याची किंवा पाहण्याची सवयच मोडली आहे का, आणि हा खटाटोप वाढवावा की गुंडाळावा, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी नऊ वर्षे छापील दैनिकात, त्यानंतर अकरा वर्षे एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या प्रसारणासाठी तयार करणाऱ्या विभागात, आणि गेली सहा वर्षे डिजिटल व्हिडिओच्या कामात काढली आहेत. त्या अनुभवावरून उत्तर आधीच सांगून टाकतो: गुंडाळू नका आणि वाढवूही नका. रोजची संख्या निम्म्यावर आणा आणि या व्हिडिओंनी संकेतस्थळाकडे वाचक वळवावेत ही अपेक्षा सोडून द्या, कारण त्यांची रचनाच त्या कामाच्या विरुद्ध आहे. मात्र एकाग्रतेबद्दलचे आपले निदान मला पटत नाही आणि निदान चुकले की पुढचा उपायही चुकतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

छोटा व्हिडिओ ही काही अलीकडची कल्पना नाही. सहा सेकंदांचे व्हिडिओ दाखवणारे व्हाइन 2013 मध्ये आले आणि जानेवारी 2017 मध्ये बंदही पडले. लांबी कमी असणे एवढ्याच गुणावर यश मिळत असते तर आज आपण व्हाइनबद्दल बोलत असतो. व्हाइनवर मुख्यतः आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचे व्हिडिओ दिसत. सप्टेंबर 2016 मध्ये चीनमध्ये सुरू झालेल्या डोयिनने आणि त्याच कंपनीच्या टिकटॉकने ती अटच काढून टाकली. आपण कोणाला ओळखतो हे न विचारता, आपण कुठल्या व्हिडिओवर किती थांबलो आणि कुठला सरकवून दिला एवढ्यावरून पुढचा व्हिडिओ ठरू लागला. व्हिडिओ छोटा असल्यामुळे ताशी दोन-तीनशे वेळा आपला कौल नोंदवला जातो आणि त्यातून यंत्राला आपली आवड भराभर कळत जाते. म्हणजे लांबी कमी ठेवण्याचा खरा फायदा प्रेक्षकापेक्षा निवड करणाऱ्या यंत्राला होता.

भारतात या पद्धतीला लागणारी जमीन सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर स्वस्त झालेल्या डेटाने तयार केली. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा सवय लागलेला प्रचंड प्रेक्षक एका रात्रीत मोकळा झाला. त्या जागेसाठी मोज, जोश, एमएक्स टकाटक अशी देशी ॲप्स धावली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सर्वांत आधी भारतातच सुरू केली. पुढे काय झाले तेही पाहावे. सुरुवातीला 15 सेकंदांची असलेली रीलची मर्यादा वाढत वाढत 3 मिनिटांवर गेली आणि यूट्यूबनेही ऑक्टोबर 2024 पासून 3 मिनिटांपर्यंतचे उभे व्हिडिओ शॉर्ट्समध्ये धरायला सुरुवात केली. लोकांना पंधरा सेकंदांपलीकडे लक्षच देता येत नसते तर या कंपन्यांनी मर्यादा वाढवली नसती. आपल्याच जिल्ह्यात त्याच फोनवर दोन-दोन तासांची कीर्तने ऐकली जातात आणि राजकीय मुलाखती तासभर पाहिल्या जातात. लक्ष शाबूत आहे. पाहायचे की नाही हे ठरवण्याआधी वाट पाहण्याची तयारी मात्र संपली आहे आणि ती का संपली याचे उत्तर वर आलेच आहे: अंगठा सरकवायला काहीच लागत नाही आणि पुढे काहीतरी बरे असण्याची खात्री असते.

माध्यमांचे खरे नुकसान दुसरीकडे झाले आहे आणि मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे ते त्याबद्दल. दैनिक म्हणजे सुट्या बातम्यांचा ढीग नव्हे. पहिल्या पानावर काय, घडीच्या वर काय, आठ कॉलम कशाला आणि आतल्या पानावर दोन ओळीत काय, हे ठरवणे हेच संपादकाचे काम होते. वाहिनीवरही तेच, फक्त तिथे त्याला रनडाऊन म्हणत. वाचक निधनवार्ता पाहायला किंवा बाजारभाव पाहायला अंक उघडी आणि त्या वाटेवर जिल्हा परिषदेच्या पाणी योजनेतला घोळ त्याच्या नजरेखालून जाई. तो त्याने मागितलेला नसे, आपण त्याच्या वाटेत ठेवलेला असे. रीलच्या जगात अशी वाट नाही. प्रत्येक तुकडा एकटा निघतो, एकटाच कौल मागतो आणि त्याच्या आधी मांजर असते की क्रिकेट, हे आपल्या हातात नसते. आपण रोज आठ रील्स टाकता तेव्हा आठ बातम्यांचा अंक काढत नाही. आपण आठ सुटी पत्रके वाऱ्यावर सोडता आणि कुठले पत्रक कोणाच्या अंगणात पडेल हे वारा ठरवतो. पाणी योजनेची रील चारशे जणांनी पाहिली आणि बिबट्याची तीन लाखांनी, याचा अर्थ जिल्ह्याला पाण्याची पर्वा नाही असा होत नाही. ती ज्यांना लागू होती त्यांच्यापुढे आलीच नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

अंक मोडला की त्याच्यासोबत दोन गोष्टी निमूटपणे जातात. पहिली म्हणजे पाठपुरावा. काल आरोप, आज खुलासा, परवा चौकशी ही मालिका अंकात एकाच वाचकापर्यंत पोहोचते. फीडमध्ये आरोपाची रील पाहिलेल्या माणसाला खुलाशाची रील दिसेलच याची कसलीही हमी नसते, आणि खुलासा स्वभावतःच रटाळ असल्याने बहुधा दिसतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. अंकाच्या माथ्यावर तारीख असते आणि वाहिनीचे बातमीपत्र वेळेला बांधलेले असते, पण रील आज टाकलेली आहे की अकरा महिन्यांपूर्वीची, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. यंत्राला ती कधीची आहे यापेक्षा तिच्यावर लोक थांबतात का, याच्याशी जास्त कर्तव्य असते.

याचा चटका मला स्वतःला बसला आहे. एका पावसाळ्यात आमच्या स्ट्रिंगरने, म्हणजे कामागणिक पैसे घेणाऱ्या स्थानिक वार्ताहराने, पुलावरून पाणी वाहत असल्याची उत्तम दृश्ये पाठवली. घाईत मी ती ‘पूल पाण्याखाली, वाहतूक बंद’ एवढ्या मजकुरावर सोडली. गावाचे नाव कॅप्शनमध्ये होते, व्हिडिओवर नव्हते, आणि तारीख कुठेच नव्हती. पुढच्या वर्षी जुलैत पाऊस बेताचाच असताना ती क्लिप कोणीतरी उतरवून घेतली, व्हॉट्सॲपवर फिरवली आणि आमचा लोगो असल्यामुळे लोकांनी ती खरी मानली. त्या मार्गाने रुग्ण घेऊन निघालेल्या एका कुटुंबाने वीस-बावीस किलोमीटरचा वळसा घातला आणि नंतर आमच्या कार्यालयात फोन करून चार शब्द सुनावले. ते चारही शब्द योग्य होते. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे, तो आपणही आजपासून लावावा: स्थळ आणि तारीख व्हिडिओच्या चौकटीतच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कापून काढता येणार नाही अशा जागी कोरलेली हवी. कॅप्शन हे चपलेसारखे असते, व्हिडिओ दुसऱ्याच्या घरात शिरताना ते बाहेर राहते.

आता पैशाकडे आणि वाचकांकडे येतो. व्ह्यूज म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी व्ह्यू मोजला जातो, तो किती वेळ पाहिला याची अट नाही. आपल्या दोन-तीन लाखांतले किती जण खरोखर थांबले हे त्या आकड्यातून समजत नाही. त्यासाठी किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवून दिला हा तक्ता उघडावा लागतो आणि तो उघडल्यावर सहसा मन उदास होते. वाहिनीत असताना दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येत आणि साऱ्या मजल्यावर निकालाच्या दिवसासारखी शांतता पसरे. तो गुरुवार आता दर मिनिटाला येतो, एवढाच फरक पडला आहे. आकड्यावर विसंबून न्यूजरूम बदलणाऱ्यांनी 2016 सालची गोष्टही आठवावी. फेसबुकने त्या सप्टेंबरमध्ये कबूल केले की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा आकडा ते फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना त्या हिशेबात धरलेच नव्हते. तोवर व्हिडिओचा जमाना आला म्हणून अनेक परदेशी प्रकाशकांनी आपली सारी मदार तिकडे वळवायला सुरुवात केली होती.

उत्पन्नाची रचनाही समजून घ्यावी. लांब व्हिडिओत जाहिरात त्याच व्हिडिओला चिकटलेली असते आणि तिच्या उत्पन्नाचे 55 टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्ट्समध्ये, म्हणजे 1 फेब्रुवारी 2023 पासून वाटप सुरू झाल्यापासून, दोन व्हिडिओंच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातींचे पैसे एका सामाईक गल्ल्यात जातात. व्हिडिओत एखादे गाणे वापरलेले असेल तर त्या व्ह्यूजच्या पैशातला अर्धा भाग आधीच संगीताच्या हक्कांकडे वळतो, उरलेला गल्ला देशनिहाय व्ह्यूजच्या प्रमाणात वाटला जातो आणि मग वाट्याला आलेल्या रकमेचे 45 टक्के हातात पडतात. तपशील बदलत राहतील, पण तत्त्व ध्यानात घ्या. या गल्ल्यात महिनाभर कागदपत्रे खणून काढलेल्या बातमीचा व्ह्यू आणि घसरून पडणाऱ्या माणसाचा व्ह्यू एकाच भावाने जातो. पत्रकारितेचा उत्पादनखर्च भरून निघण्याची शक्यता या गणितात मुळातच नाही.

वाचक संकेतस्थळावर का येत नाहीत, याचे उत्तरही असेच साधे आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही आणि यूट्यूबने 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या व प्रतिक्रियांतल्या लिंकही निष्क्रिय केल्या. फसव्या लिंक रोखणे हे कारण दिले गेले आणि ते खोटेही नाही. परिणाम मात्र हाच की आपण दुसऱ्याच्या जत्रेत खेळ करतो आणि त्या जत्रेतून आपल्या गावाकडे येणारी एसटीच नाही. प्रेक्षकाला दोष देऊन काय उपयोग?

या चौकटीने बातमीच्या घडणीतही काही बदल केले आहेत आणि ते तपासल्याशिवाय आपण स्वीकारत चाललो आहोत. आपण शिकलो ती पद्धत म्हणजे सर्वांत महत्त्वाचे आधी. वाचक पहिल्या परिच्छेदावर थांबला तरी त्याला मुख्य गोष्ट कळलेली असावी, हा त्यामागचा विचार होता. रीलचे हुक, म्हणजे सुरुवातीलाच पाहणाऱ्याला पकडणारे वाक्य, नेमके उलटे चालते. ते माहिती देत नाही, माहिती मिळेल असे आश्वासन देते आणि माणसाला शेवटपर्यंत धरून ठेवण्यासाठी मुख्य गोष्ट दडवते. ‘या तालुक्यात असे काय घडले की सगळेच हादरले’ हे वाक्य लिहिणाऱ्या उपसंपादकाला पंधरा वर्षांपूर्वी मुख्य उपसंपादकाने कागद परत केला असता. माझ्या अनुभवात तालुक्याचे नाव आणि घटना पहिल्याच वाक्यात सांगितली तरी ज्यांना तिच्याशी देणेघेणे आहे ते थांबतात. बाकीचे जातात आणि त्यांनी जावे.

उभ्या चौकटीचे असेच आहे. सोळा बाय नऊच्या आडव्या पडद्यावर मोर्चा मावतो, शेत मावते, समोरासमोर बसलेली दोन माणसे मावतात. नऊ बाय सोळाच्या उभ्या पडद्यात एक चेहरा उत्तम मावतो आणि बाकीचे सगळे कापले जाते. दहा हजारांचा मोर्चा आणि दोनशेंचा मोर्चा तिथे सारखाच दिसतो, कारण दिसतात ती पुढची चार माणसे आणि एक फलक. म्हणून स्थळापेक्षा चेहरा, घटनेपेक्षा प्रतिक्रिया आणि चर्चेपेक्षा एकट्याचे बोलणे यांचा भाव वाढला. हा सारा परिणाम मुद्दाम केलेला नाही, फोन उभा धरला जातो एवढ्याच कारणाने झालेला आहे. माझा आग्रह असतो की जागेचे एक आडवे दृश्य, वर-खाली पट्टे आले तरी चालतील, प्रत्येक बातमीत असावेच.

राजकारण्यांना हे आपल्या आधी कळले. विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहण्याची प्रथा कॅमेऱ्यांसाठी होतीच, पण तेव्हा कॅमेरा आपला असे आणि नेत्याला बूमसमोर, म्हणजे वाहिनीच्या माइकसमोर, थांबून दोन नकोसे प्रश्न झेलावे लागत. आता त्याच्या सोबत त्याचाच छायाचित्रकार गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) घेऊन चालतो आणि संध्याकाळपर्यंत संगीतासह रील तयार असते. त्याहून वाईट म्हणजे आपणही तेच करतो. बाईट, म्हणजे नेत्याच्या बोलण्याचा तुकडा, कापताना सेकंद वाचवण्यासाठी आपण वार्ताहराचा प्रश्न काढून टाकतो आणि नेत्याचे उत्तर तेवढे ठेवतो. प्रश्न गेला की उत्तराचे भाषण होते. चाळीस सेकंदांच्या क्लिपमधले सात सेकंद प्रश्नासाठी खर्च झाले तरी तो ठेवावा. ती सात सेकंदेच आपली आहेत, उरलेली तेहतीस त्यांची.

एवढे बोलल्यावर या माध्यमाचे ऋण मान्य केले नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. आपल्या वाहिन्यांनी आणि मालिकांनी वर्षानुवर्षे वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोली प्रामुख्याने विनोदी पात्रांच्या तोंडी ठेवल्या. बातमी सांगणारा माणूस प्रमाण मराठीतच बोलेल हे आपण गृहीत धरले होते. छोट्या व्हिडिओने हे गृहीत कोणाची परवानगी न घेता मोडले. आज खानदेशातला शेतकरी केळीवरच्या रोगाबद्दल आपल्या बोलीत, आपल्याच बांधावर उभा राहून बोलतो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्यातला वाटतो. लासलगावच्या कांदा लिलावाचे भाव शेतकरी जागेवरून दाखवतात, ते आपल्या दुसऱ्या दिवशीच्या कोष्टकाची वाट पाहत नाहीत. आपण ज्याला बातमीची उतरंड म्हणत होतो, तिच्यात या माणसांना खालची जागासुद्धा नव्हती. संपादकाचा क्रम लावण्याचा अधिकार गेला याचे मला दुःख आहे, पण तो अधिकार आपण नेहमीच शहाणपणाने वापरला असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या दैनिकापुरते सांगतो. सर्व वार्ताहरांकडून रील करून घेणे थांबवा. वार्ताहराने आधी बातमी द्यावी आणि सोबत कच्ची दृश्ये पाठवावीत. कापणे, सुपर (व्हिडिओवरचा मजकूर) टाकणे, शुद्धलेखन तपासणे हे काम कार्यालयातल्या एका माणसाचे असावे आणि तो माणूस सर्वांत नवखा नसावा. अपघात आणि मृत्यूच्या दृश्यांवर संगीत अजिबात नको. कुठलीही रील चुकली तर ती गुपचूप काढून टाकू नका, कारण उतरवून घेतलेल्या प्रती फिरतच राहतात. चूक काय होती हे सांगणारा व्हिडिओ त्याच चेहऱ्याने त्याच ठिकाणी टाका.

संख्या कमी केल्यावर वाचलेला वेळ अडीच-तीन मिनिटांच्या अशा व्हिडिओंवर घालवा, जे पुढच्या वर्षीही कामाला येतील. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला कुठे जायचे, पीक विम्याची तक्रार कोणत्या मुदतीत करायची, दाखल्यांना कोणती कागदपत्रे लागतात, हे विषय बिबट्याइतके धावत नाहीत, पण लोक ते जपून ठेवतात आणि नातेवाइकांना पाठवतात. म्हणून व्ह्यूजऐवजी किती जणांनी जतन केले आणि किती जणांनी पुढे पाठवले, हे दोन आकडे सोमवारच्या बैठकीत वाचावेत. वाचकाला अंकाकडे आणण्याचे काम दुसऱ्या साधनाने करावे. सप्टेंबर 2023 पासून भारतात व्हॉट्सॲप चॅनेलची सोय आहे, तिथे लिंक दाबता येते आणि क्रमही आपण लावतो. रोज संध्याकाळी सातला, महत्त्वाच्या क्रमाने सहा बातम्या, एवढेच तिथे द्यावे. तो आपला छोटा अंकच असेल.

जाहिरातींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जिल्ह्यातला सराफ किंवा क्लासचालक व्ह्यूजच्या आकड्याला भुलून रीलमध्ये नाव टाकायला तयार होईल, आणि त्याच्याकडून थेट मिळणारे पैसे त्या सामाईक गल्ल्यापेक्षा नक्कीच जास्त असतील. ते जरूर घ्यावेत, मात्र बातमी वाचणारा चेहरा जाहिरातीत वापरू नये आणि ‘जाहिरात’ हा शब्द चौकटीत ठळक दिसावा. जाहिरात उद्योगाच्याच जाहिरात मानक परिषदेने (ॲस्की) समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी 2021 मध्येच अशी स्पष्ट खूण सक्तीची केली आहे, मग दैनिकाने त्याहून सैल वागण्याचे कारण नाही.

शेवटचा मुद्दा संग्रहाचा. जून 2020 च्या त्या बंदीनंतर दोन दिवसांतच टिकटॉक उघडेनासे झाले, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका स्ट्रिंगरची दीड वर्षाची दृश्ये फक्त त्याच ॲपवर होती. गावातल्या जत्रा, दुष्काळातले टँकर, एका जुन्या वाड्याचे पडणे, हे सगळे त्याने फोनमधली जागा वाचवण्यासाठी मूळ फायली पुसून तिथे ठेवले होते. आपल्या वार्ताहरांपैकी निम्मे तरी आज असेच करत असतील, विचारून पाहा. आडवी, न कापलेली, लोगो नसलेली मूळ दृश्ये तारीख आणि गावाच्या नावासह दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावीत, आणि त्यातली एक कार्यालयाबाहेर असावी.